हॉस्पिटलात ‘क्वालिटी’ची जबाबदारी नव्याने आली आहे? पहिल्या वर्षाचा मार्ग

क्वालिटीचे, म्हणजे उपचारांचा दर्जा आणि रुग्णांची सुरक्षा बघण्याचे, काम बहुतेकांकडे असेच येते. एनएबीएचच्या (रुग्णालयांना दर्जाची मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) तपासणीची तारीख जवळ आलेली असते, आधीची कोऑर्डिनेटर नोकरी सोडून गेलेली असते, आणि एखाद्या अनुभवी सिस्टरला, आरएमओला (निवासी डॉक्टरला) किंवा नुकत्याच हॉस्पिटल मॅनेजमेंट शिकून आलेल्या मुलीला सांगितले जाते, ‘आजपासून क्वालिटी तुम्ही बघा.’ सोबत कपाटभर फायली मिळतात. सरकारी रुग्णालयात नावे वेगळी असतात (एनक्यूएएस म्हणजे राष्ट्रीय गुणवत्ता मानके, कायाकल्प ही स्वच्छतेसाठी, लक्ष्य प्रसूती कक्षासाठी), गोंधळ मात्र तोच.

मी आधी वॉर्डात सिस्टर होते, मग इन्चार्ज झाले आणि नंतर हे काम माझ्याकडे आले. पन्नास ते दीडशे खाटांच्या, तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावातल्या हॉस्पिटलात नव्याने ही जबाबदारी घेणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार उपचार घेताना साधारण दहातल्या एका रुग्णाला त्या उपचारातूनच काही ना काही इजा होते, आणि त्यातली निम्म्याहून अधिक टाळता येण्यासारखी असते. फायली नीट लावून ती टळत नाही. रात्रीच्या ड्यूटीवरची सिस्टर सकाळी न घाबरता ‘चूक झाली’ किंवा ‘होता होता वाचली’ असे सांगू लागली, की ती टळायला सुरुवात होते. तुमचे सगळे काम याच एका गोष्टीभोवती बांधा.

१. होकार देण्याआधी वरिष्ठांकडून तीन शब्द घ्या

संचालक डॉक्टर, मेडिकल सुपरिंटेंडेंट किंवा ट्रस्टी, ज्यांचा शब्द चालतो त्यांच्यासमोर बसा आणि हे ठरवून घ्या:

- आठवड्यातून अर्धा तास, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, फक्त याच विषयासाठी. फोन बाजूला ठेवून.
- चूक स्वतःहून कळवणाऱ्यावर त्या चुकीसाठी कारवाई होणार नाही, असे त्यांच्या सहीचे एक पानी पत्र. प्रत्येक वॉर्डात ते लावायचे.
- सुरक्षेची पायरी गाळली जात असेल तर सिस्टर कुणालाही, मोठ्या सर्जनलासुद्धा, थांबवू शकते. आणि तिने थांबवले तर वरिष्ठ तिच्या मागे उभे राहतील.

तिसरी गोष्ट मागताना संकोच वाटेल, तरी मागा. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलच्या आयसीयूत डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घालायची नळी) टाकताना पाळायच्या पाच साध्या गोष्टींची यादी केली: हात धुणे, पूर्ण निर्जंतुक आवरण, क्लोरहेक्झिडीनने त्वचा स्वच्छ करणे, शक्यतो जांघेतली शीर टाळणे आणि गरज संपताच लाइन काढणे. यातले डॉक्टरांना नवे असे काहीच नव्हते. पायरी चुकली तर नर्सने डॉक्टरांना थांबवायचे आणि प्रशासनाने नर्सची बाजू घ्यायची, हे नवे होते. पुढे मिशिगन राज्यातल्या शंभरावर आयसीयूंनी हे केले, आणि तिथल्या लाइनच्या संसर्गाचा मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) हजार कॅथेटर-दिवसांमागे (एका रुग्णाला एक दिवस नळी म्हणजे एक कॅथेटर-दिवस) २.७ वरून तीन महिन्यांत शून्यावर आला. त्याचा अहवाल २००६ मध्ये प्रसिद्ध झाला.

हे तीन शब्द मिळत नसतील, तर तुमच्याकडून फक्त फायली भरून घ्यायच्या आहेत हे समजून घ्या. नोकरी करायची की नाही हा तुमचा प्रश्न, पण अपेक्षा त्या हिशेबाने ठेवा.

२. पहिला महिना वह्या बाजूला ठेवा आणि बघत फिरा

एनक्यूएएसमध्ये तपासणीच्या चार रीती सांगितल्या आहेत: प्रत्यक्ष पाहणे, कर्मचाऱ्यांशी बोलणे, नोंदी तपासणे आणि रुग्णाशी बोलणे. तुमचे हॉस्पिटल खासगी असले तरी याच क्रमाने जा. नवीन माणूस नेमका तिसरीपासून सुरुवात करतो.

सकाळच्या राउंडला सगळे शिस्तीत असते. म्हणून रात्री दोनला जा, रविवारी दुपारी जा, ड्यूटी बदलताना ओव्हर (पुढच्या पाळीला रुग्णांची माहिती) दिली जाते तेव्हा जा. हातात कागद-पेन नको. मावश्या आणि वॉर्डबॉय पेन पाहिले की बोलायचे थांबतात. काय बघायचे?

- रुग्णाची ओळख. ‘सात नंबरला इंजेक्शन द्या’ असे ऐकू येते का? बेड बदलतात, म्हणून बेड नंबर ही ओळख धरायची नाही. पूर्ण नाव आणि आयपी नंबर (भरतीचा क्रमांक), दोन्ही. ‘तुम्ही पाटील ना?’ असेही विचारायचे नाही. गुंगीतला माणूस कशालाही हो म्हणतो, आणि कोल्हापूरकडच्या वॉर्डात एका वेळी तीन पाटील सहज असतात. ‘तुमचे पूर्ण नाव सांगा’ असे विचारायचे.
- फोनवरची ऑर्डर. डॉक्टरांनी सांगितलेले सिस्टर लिहून घेते का, आणि परत वाचून दाखवते का? ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ फोनवर सारखेच ऐकू येतात.
- पोटॅशियम क्लोराइडचे अँप्युल कुठे ठेवले आहेत? डिस्टिल्ड वॉटरच्या शेजारी असतील तर त्याच दिवशी हलवा; घाईत एकाऐवजी दुसरे उचलून थेट शिरेत दिले गेले तर जीव जाऊ शकतो. यासाठी महिना थांबू नका.
- इन्शुलिनच्या व्हायल आणि सिरिंज. याबद्दल खाली सविस्तर.
- फरशी पुसण्याची वेळ. पहाटे पुसलेली ओली फरशी आणि संडासला निघालेले म्हातारे रुग्ण यांची गाठ बऱ्याच वॉर्डांत रोज पडते.
- हात. सॅनिटायझरची बाटली भिंतीला आहे, पण तिच्यात काही आहे का? हँडरबला २० ते ३० सेकंद लागतात, साबण-पाण्याला ४० ते ६०. जिथे बाटलीपर्यंत चालत जावे लागते तिथे हात स्वच्छ होत नाहीत.

या महिन्यात कुणाची चूक काढू नका. वॉर्डातल्यांना प्रश्न एकच विचारा: ‘इथे पुढच्या वेळी रुग्णाला इजा झाली, तर ती कशामुळे होईल असे तुम्हाला वाटते?’ उत्तरे ऐकून तुम्ही चकित व्हाल. सगळ्यांना माहीत असते, कुणी विचारलेले नसते.

३. कायद्याची कागदपत्रे एकदा तपासून घ्या

हे काम रूक्ष आहे, पण एका आठवड्यात उरकते. प्रत्येकाची मुदत कधी संपते हे एका तक्त्यावर लिहा:

- महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी, आणि दर्शनी भागात लावलेली रुग्ण हक्कांची सनद
- अग्निसुरक्षेचा फॉर्म ‘बी’, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र (परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत)
- प्रदूषण नियंत्रण मंडळाचे जैववैद्यकीय कचऱ्याचे अधिकारपत्र आणि कचरा उचलणाऱ्या संस्थेशी केलेला करार
- एक्स-रे आणि सीटीसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना
- सोनोग्राफी असेल तर पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखालची) नोंदणी
- फार्मसीचा आणि लिफ्टचा परवाना, रक्त साठवत असाल तर त्याची मान्यता
- मॉनिटर, डिफिब्रिलेटर, इन्फ्युजन पंप यांचे कॅलिब्रेशन (अचूकतेची तपासणी)

अग्निसुरक्षेचा कागद हातात आला म्हणून थांबू नका. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात अतिदक्षता कक्षातल्या आगीने दहा बाळे गेली. त्याच वर्षी २१ एप्रिलला नाशिकमध्ये ऑक्सिजन टाकीच्या गळतीनंतर वीसहून अधिक रुग्ण दगावले, दोन दिवसांनी विरारला आयसीयूत आग लागली, आणि ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातही. म्हणून स्वतः जाऊन बघा: आयसीयूचा दुसरा दरवाजा उघडतो का, त्याची किल्ली रात्री कुणाकडे असते, त्याच्यापुढे जुने बेड तर रचलेले नाहीत? रात्रपाळीच्या सिस्टरला ऑक्सिजनचा वॉर्डातला व्हॉल्व्ह दाखवायला सांगा. तिला तो सापडला नाही, तर तुमचे या आठवड्याचे काम ठरले.

४. एकच विषय निवडा

नवीन माणूस पहिल्याच बैठकीत वीस-पंचवीस निर्देशांकांची (मोजायच्या गोष्टींची) यादी मांडतो, आणि तीन महिन्यांत सगळे आकडे इन्चार्ज सिस्टर महिनाअखेरीला बसून एकदम भरू लागतात. तेव्हा एक वॉर्ड आणि एक इजा निवडा. वॉर्डातल्यांना जी बोचते ती निवडली तर उत्तम, कारण काम त्यांनाच करायचे आहे.

उद्दिष्ट एका वाक्यात लिहा आणि त्यात किती व केव्हापर्यंत हे आलेच पाहिजे. ‘पडण्याच्या घटना कमी करणे’ हे उद्दिष्ट झाले नाही. ‘मेल मेडिकल वॉर्डात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत रुग्ण पडण्याच्या घटना दिवाळीपर्यंत निम्म्यावर आणणे’ हे उद्दिष्ट झाले.

५. थोडे मोजा, पण खरे मोजा

दर काढण्याची रीत सोपी आहे. लघवीच्या नळीमुळे झालेला संसर्ग मोजायचा असेल, तर महिनाभर रोज ठरलेल्या वेळी किती रुग्णांना नळी होती ते मोजून बेरीज करा. समजा ती ४५० आली आणि संसर्ग ३ झाले. ३ भागिले ४५० गुणिले १००० म्हणजे हजार कॅथेटर-दिवसांमागे ६.७. रुग्ण पडण्यासाठी खाली कॅथेटर-दिवसांऐवजी रुग्ण-दिवस घ्या.

आकडे आलेखावर मांडा, आडव्या रेषेवर आठवडे आणि उभ्या रेषेवर दर. मध्यकाची रेषा काढा. सलग सहा बिंदू रेषेच्या एका बाजूला आले, किंवा सलग पाच चढत किंवा उतरत गेले, तर काहीतरी खरोखर बदलले आहे असे धरा. मागच्या महिन्यात चार आणि या महिन्यात दोन, एवढ्यावरून ‘पन्नास टक्के सुधारणा’ असे कुणी म्हटले तर नम्रपणे थांबवा.

लहान हॉस्पिटलात घटना इतक्या कमी असतात की दर वरखाली उड्या मारतो. तिथे ‘मागच्या घटनेला किती दिवस झाले’ हे मोजा आणि नर्सिंग स्टेशनच्या फळ्यावर लिहा. मावशीसुद्धा ते वाचतात, आणि आकडा वाढताना त्यांनाही अभिमान वाटतो.

मोठा सापळा असा: घटनांची नोंद वाढली की वरिष्ठ घाबरतात. सुरुवातीच्या महिन्यांत नोंदी वाढल्याच पाहिजेत, हे त्यांना आधीच सांगून ठेवा. महिनोन्‌महिने शून्य घटना दाखवणारा वॉर्ड दिसला, तर तिथे पहिल्यांदा जा.

६. बदल एका शिफ्टमध्ये करून बघा

ठरवा, करा, तपासा, सुधारा, हे चक्र तुम्हाला सगळीकडे वाचायला मिळेल. त्यातले खरे महत्त्व बदल लहान ठेवण्याला आहे. नवा ओव्हर फॉर्म छापून आणू नका. हाताने कागदावर आखा, एका सिस्टरला एका रुग्णासाठी वापरायला द्या आणि संध्याकाळी विचारा काय जमले नाही. उद्या सुधारलेला कागद दोघींना द्या. छापखान्यातून पाचशे प्रती आल्या की फॉर्म चुकीचा असला तरी तो बदलत नाही.

ओव्हरसाठी चार भाग पुरतात: आत्ता काय चालले आहे, आधी काय झाले, मला काय वाटते, काय करायला हवे. तिसरा भाग आपल्याकडे सिस्टर बोलतच नाहीत. ‘मला हा पेशंट बरा वाटत नाही’ हे वाक्य डॉक्टरांना फोनवर म्हणायचा सराव करून घ्या, दोघींना समोरासमोर बसवून, मोठ्याने.

७. चूक कळवण्याची वाट मोकळी करा

वर्षातला सर्वात जास्त वेळ इथे द्या.

फॉर्म एका पानाचा हवा आणि मराठीत हवा. काय झाले, कुठे, केव्हा, रुग्णाला काय झाले, लगेच काय केले, एवढेच. कळवणाऱ्याचे नाव ऐच्छिक ठेवा. लिहिता न येणाऱ्यांसाठी तुमचा फोन नंबर. होता होता टळलेल्या घटनाही याच फॉर्मवर घ्या. त्यांत इजा झालेली नसते, म्हणून माणसे मोकळेपणी बोलतात. औषधाचा दुष्परिणाम असेल तर तो भारतीय फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रमालाही वेगळ्या फॉर्मवर कळवायचा असतो.

घटनेचा फॉर्म केस पेपरला जोडायचा नसतो. रुग्णाला काय झाले आणि काय उपचार केले, हे मात्र केस पेपरमध्ये खरे आणि वेळेसह आलेच पाहिजे. चुकलेला शब्द एका रेघेने खोडून सही, तारीख, वेळ घाला. नंतर पान बदलणे, खाडाखोड करणे हे कुणी सुचवले तर साफ नकार द्या.

फॉर्म आल्यापासून दोन दिवसांच्या आत कळवणाऱ्याला उत्तर गेले पाहिजे: ‘वाचले, आभार, आम्ही अमुक करतो आहोत.’ उत्तर आले नाही की त्या वॉर्डातून पुढचा फॉर्म येत नाही.

आता चौकशी. तीन गोष्टी वेगळ्या करायला शिका: अनवधानाने झालेली चूक, सवयीने घेतलेला शॉर्टकट, आणि जाणूनबुजून केलेली बेपर्वाई. पहिलीला धीर द्यायचा, दुसरीत शॉर्टकट का घ्यावासा वाटला ते शोधायचे, आणि शिस्तीचा प्रश्न फक्त तिसरीत येतो. स्वतःला विचारा: तेवढेच शिकलेली दुसरी सिस्टर त्या रात्री त्याच जागी असती तर हेच झाले असते का? उत्तर हो असेल तर दोष व्यवस्थेत आहे.

इन्शुलिनचे उदाहरण घेऊ. आपल्याकडे व्हायलमध्ये मिलिलिटरला ४० युनिटचे आणि १०० युनिटचे, अशी दोन्ही इन्शुलिन मिळतात. ४० च्या सिरिंजचे टोपण लाल, १०० चे नारिंगी. समजा, रुग्णाला दहा युनिट द्यायचे आहेत. नातेवाईकांनी बाहेरच्या मेडिकलमधून १०० ची व्हायल आणली, सिस्टरने वॉर्डातली ४० ची सिरिंज घेतली आणि दहाच्या खुणेपर्यंत भरली. रुग्णाला गेले पंचवीस युनिट, म्हणजे अडीच पट. रात्री तो घामाने डबडबलेला सापडला.

का? सिरिंज जुळत नव्हती. का? वॉर्डात एकाच प्रकारची होती आणि व्हायल दुसरी आली. का? बाहेरून आलेले औषध कुणी तपासत नाही. का? रात्री फार्मसी बंद असते. आणि ऑर्डरमध्येही ‘यू’ असे एकच अक्षर होते, जे घाईत शून्यासारखे दिसते. दहाचे शंभर व्हायलाही वेळ लागला नसता.

आता उपाय. ‘सर्व सिस्टरना सूचना देण्यात येते की त्यांनी काळजी घ्यावी’ हा मेमो सर्वात कमकुवत उपाय, आणि सर्वात जास्त वापरला जाणारा. ट्रेनिंग थोडे बरे. दोघींनी मिळून तपासणे आणि ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहिणे त्याहून बरे. सर्वात भक्कम उपाय असा, की हॉस्पिटलात एकाच शक्तीचे इन्शुलिन आणि त्याच्याच सिरिंज राहतील, आणि घरून आणलेली व्हायल भरतीच्या वेळीच बाजूला काढली जाईल. थकलेल्या माणसाकडूनही चूक होऊ नये असा उपाय शोधायचा. भूलयंत्रावर ऑक्सिजनच्या जागी नायट्रस ऑक्साइडचा लहान सिलिंडर बसतच नाही, कारण पिनांची जागा वेगळी असते. तिथे कुणाला काळजी घ्यायला सांगावे लागत नाही.

आणि ज्या सिस्टरकडून ते झाले, तिच्यापाशी त्या दिवशी कुणीतरी बसले पाहिजे. ती घरी जाऊन झोपणार नाही. इन्चार्जने तिला चहा द्यावा, दुसऱ्या दिवशी फोन करावा. हे कुठल्याही मानकात वाचायला मिळाले नाही तरी करा.

नातेवाईकांशी बोलणे वरिष्ठ डॉक्टरांनी करायचे, बसून, वेगळ्या खोलीत, त्याच दिवशी. काय झाले, आता काय करतो आहोत, पुढे केव्हा भेटू. ज्युनिअर डॉक्टरला एकट्याला पुढे करू नका. गोष्ट लपवली जात आहे असे वाटले, की माणसे चिडतात.

८. सर्जनना सोबत घ्या

जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेची चेकलिस्ट २००८ मध्ये आली. तिच्यात १९ मुद्दे आणि तीन थांबे आहेत: भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी, रुग्ण ओटीतून (ऑपरेशन थिएटरमधून) बाहेर जाण्याआधी. दिल्लीसह आठ शहरांतल्या हॉस्पिटलांत ती वापरून पाहिली तेव्हा मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आले.

आपल्याकडे मात्र तिन्ही रकाने बहुतेक वेळा ओटीची सिस्टर शेवटी एकदम भरते. फाईल बघून हे कळत नाही, ओटीत उभे राहून कळते. सगळ्या सर्जनना एकदम सांगायला जाऊ नका. ज्यांना हे पटते असे एक सर्जन आणि एक भूलतज्ज्ञ शोधा. त्यांच्या ओटीत एका दिवसाच्या पहिल्या केसला मोठ्याने वाचून बघा. मग बाकीच्यांना त्या सर्जननीच सांगू द्या. डॉक्टर डॉक्टरांचे ऐकतात. बाहेरून येणाऱ्या व्हिजिटिंग सर्जनसाठी संचालकांचे पत्र हवेच, नाहीतर सगळी मेहनत त्यांच्या एका केसमध्ये वाया जाते.

९. समित्या, ट्रेनिंग, असेसमेंट

क्वालिटी, संसर्ग नियंत्रण, औषध, सुरक्षा अशा समित्या कागदावर वेगळ्या दाखवाव्या लागतात. लहान हॉस्पिटलात त्यांत तीच सहा-सात माणसे असतात. एकाच दुपारी ओळीने घ्या, प्रत्येकीचे इतिवृत्त वेगळे लिहा.

सिस्टर सतत बदलतात. कुणी सरकारी भरतीत जाते, कुणी आखाती देशात. म्हणून वर्षातून एकदा दिवसभराचे ट्रेनिंग घेऊन उपयोग होत नाही. दर आठवड्याला ओव्हरच्या वेळी दहा मिनिटे, एकच विषय, वॉर्डातच. कचऱ्याच्या पिवळ्या, लाल, पांढऱ्या आणि निळ्या डब्यांचे शिक्षण मावश्या-मामांना प्रत्यक्ष वस्तू हातात देऊन करा.

असेसमेंटच्या आधी नोंदी मागच्या तारखा घालून भरायची वेळ येईल. करू नका. अनुभवी असेसरला एकाच पेनाने, एकाच बैठकीत भरलेले रजिस्टर लगेच ओळखू येते, आणि सिस्टरांना त्यातून कळते की आपल्याकडे क्वालिटी म्हणजे हेच. तीनच महिन्यांची खरी नोंद असेल तर तीनच महिन्यांची दाखवा. एनक्यूएएस आणि कायाकल्प दोन्हींत सत्तर टक्के गुणांची रेषा आहे. ती प्रामाणिक कामाने गाठता येते.

१०. असेसमेंट संपल्यानंतरच्या आठवड्यात

प्रमाणपत्राचा फोटो निघाला की सगळे सुस्तावतात. त्याच आठवड्यात ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी संचालकांसमोर पुन्हा आलेख घेऊन बसा. पहिला विषय सहा महिने स्थिर राहिला असेल तर त्याचे मोजमाप महिन्यातून एकदावर आणा आणि दुसरा विषय उघडा. १७ सप्टेंबरला जागतिक रुग्ण सुरक्षा दिन असतो. त्या दिवशी भाषणांऐवजी वर्षभरात ज्यांनी घटना कळवल्या त्यांचे, त्यांची परवानगी घेऊन, सगळ्यांसमोर आभार माना.

तुमच्या नंतर येणाऱ्या माणसासाठी एक वही आत्तापासून ठेवा. कोणता बदल केव्हा केला, का केला, कुणी विरोध केला, कशाने पटले, काय करून पाहिले आणि सोडून दिले. कोणत्या खोलीची किल्ली कुणाकडे असते, हेही तिच्यात लिहा.